रणगाडा धुताना

कुपवाडच्या एका कारखान्यात चांदसाहेब नदाफ सव्वीस वर्षं लेथवर उभा राहिला. तेवढ्या काळात त्याच्या आजूबाजूच्या तिघांची बोटं गेली, एकाच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, पण चांदसाहेबाच्या अंगाला कधी ओरखडा आला नाही. कारण विचारलं तर तो सरळ सांगायचा, की मी भित्रा आहे. भिण्याची त्याला काडीची लाज नव्हती. पुढं कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं त्या भीतीवरच धंदा उभा केला. जुना टेम्पो घेतला, त्यावर हजार लिटरची टाकी आणि जोरानं पाणी मारणारं पेट्रोलचं मशीन बसवलं, आणि लोकांची घरं बाहेरून धुऊन द्यायला लागला. टेम्पोच्या मागं पेंटरकडून लिहून घेतलं, 'रंगाला धक्का नाही, माणसाला धक्का नाही.'

टेम्पो त्याची बायको मदिनाबी चालवायची, कारण चांदसाहेबाला हायवेची भीती वाटायची. मदिनाबीला कशाचीच वाटायची नाही. मशीन चालू-बंद करणं, पाइप सांभाळणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं ही तिची कामं. घरी दोघं दखनीत भांडायची आणि कामावर मराठीत. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या भाषेत बोललं की त्याला वाटतं आपल्याला फसवायचं चाललंय, असा तिचा अनुभव होता.

बोरजाईवाडीचा फोनही तिनंच घेतला. शिरवळच्या अलीकडं हायवे सोडून चार किलोमीटर आत हे गाव, आणि बोलणारे होते रिटायर सुभेदार नाथाजी निकम. माजी सैनिकांच्या मेळाव्याच्या पत्रिकेवर त्यांच्या घराचा फोटो छापायचा होता आणि घर शेवाळानं काळं पडलं होतं. मदिनाबीनं मजले किती ते विचारलं, आणि तीन मजले म्हटल्यावर सांगून टाकलं की मग दोन गन घेऊन येतो. मग सुभेदारांनी आवाज खाली घेऊन लायसन कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. पाणी मारायच्या दांड्याला आमच्यात गन म्हणतात, असं तिनं समजावलं. सुभेदारांचा थोडा हिरमोड झाला, पण या म्हणाले.

घर बघितल्यावर चांदसाहेब टेम्पोतून लवकर उतरलाच नाही. वाटणीत जागा जेमतेम आलेली, म्हणून सोळा फूट बाय सोळा फुटांचं ते घर सरळ वर गेलं होतं. तीन मजले, तीन रंग. आणि वर गच्चीवर रणगाडा. रणगाड्याचं पोट म्हणजे घराची पाण्याची टाकी. त्यावर लोखंडी पत्र्याचा घुमट, आणि घुमटातून बाहेर आलेली चौदा फूट लांबीची तोफ. तोफ म्हणजे सहा इंची लोखंडी पाइप, मागं तोलाला सिमेंटचा ठोकळा. फक्त रस्त्यावरून बघणाऱ्याला रणगाडा पाठमोरा दिसायचा, कारण तोफेचं तोंड मागं होतं, पश्चिमेला.

पश्चिमेला आठ फुटांची बोळ आणि बोळीपलीकडं भाऊसोचं घर. भाऊसो म्हणजे सुभेदारांचा सख्खा चुलतभाऊ. तोफेचं तोंड बरोबर भाऊसोच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीच्या डोक्यावर आलं होतं. ही सगळी हकिगत चहा देता देता सुभेदारांच्या पत्नी साळूबाईंनी मदिनाबीला सांगितली. नऊ वर्षं भाऊसोची बायको त्या खोलीत झोपली नव्हती. भाऊसोनं ग्रामपंचायतीला अर्ज दिले, तहसिलीत दिले, एक तर थेट दिल्लीला पाठवला. तिकडून 'आपला अर्ज मिळाला' एवढं एका ओळीचं पत्र आलं, ते त्यानं काचेत बसवून भिंतीला लावलं. शेवटी वैतागून त्यानं सुभेदारांच्या घराच्या दक्षिण भिंतीला चिकटून, दोन फूट त्यांच्याच जागेत, म्हशींसाठी पत्र्याचा गोठा मारला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. सुभेदारांनी गोठा काढ म्हणून सांगितलं नाही आणि भाऊसोच्या कुठल्या अर्जाला उत्तरही दिलं नाही.

चांदसाहेबाला भांडणात रस नव्हता. त्याचं लक्ष घराभोवती होतं. पश्चिमेची बोळ साफ, फरशीची, तिथं उतरायला काही भीती नाही. उत्तरेला गोबरगॅसची टाकी, वरून उघडी. पूर्वेला रस्ता आणि विजेच्या तारा. दक्षिणेला भाऊसोच्या गोठ्याचे गंजके, कोयत्यासारखे धारदार पत्रे. त्यानं पहिले दोन तास भिंतीवर पाण्याचा एक थेंब उडवला नाही. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, मीटरची पेटी आणि बाहेरची बटणं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. वायरमन इंद्रजितला बोलावून एक वाजेपर्यंत तारांतली वीज बंद करवली, आणि ती खरंच बंद आहे हे इंद्रजितकडून तीनदा वदवून घेतलं. दाराची तुळस आणि कर्दळी आधी साध्या पाण्यानं भिजवल्या, म्हणजे साबणाचं पाणी पानांनी प्यायचं नाही. साळूबाई उत्साहानं न्हाणीतली ॲसिडची बाटली घेऊन आल्या, की तुमच्या त्या ब्लीचच्या पाण्यात ही ओता, शेवाळ लगेच निघेल. चांदसाहेबानं ती बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि पार रस्त्यापलीकडं लिंबाखाली नेऊन ठेवली. ही दोन एकत्र झाली की जो वायू निघतो त्यानं शेवाळाआधी माणूस निघतो, एवढंच तो म्हणाला.

राहता राहिला दोर कुठं बांधायचा हा प्रश्न. गच्चीच्या कठड्याला त्यानं खांद्यानं रेटलं तर एक वीट हातात आली. खांबांच्या उघड्या सळया गंजून बोटाएवढ्याच्या काडीएवढ्या झालेल्या. सुभेदार म्हणाले, तोफेला बांधा. आणि खरं तर ती जागा नामी होती. रंग उडू नये म्हणून भिंतीपासून पाच-सहा फुटांवरून पाणी मारावं लागतं, आणि तोफ भिंतीच्या बाहेर बरोबर सहा फूट आलेली. तरी चांदसाहेबानं तोफेच्या टोकाला सिमेंटची दोन पोती टांगून अर्धा तास वाट पाहिली. पोती तशीच. तोफ तशीच. दोन दोर दोन वेगळ्या ठिकाणी बांधायचे हा त्याचा नियम. म्हणून ज्या फळीच्या पाळण्यात बसायचं त्याचा दोर तोफेच्या तोंडाच्या कडीला आणि अंगातल्या पट्ट्याला अडकवायचा जिवाचा दोर मागं घुमटाच्या हुकाला, असं ठरलं. तरी त्यानं शेवटचं विचारलं, की सुभेदार, ही धरेल ना?

"नऊ वर्षांत तसूभर हलली न्हाई," सुभेदार म्हणाले.

ते खरंच होतं. ती का हलली नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

धुताना वरून खाली यायचं, म्हणून त्यानं आधी गच्चीवर उभं राहून रणगाडा धुतला. घुमटाच्या कडेनं नऊ वर्षांची चुनखडी, शेवाळ आणि कबुतरांची घाण भाकरीसारखी जाड बसली होती. ती त्यानं साबण लावून, ब्रशानं खरवडून, पाणी मारून फटीफटीतून काढली. काम मनासारखं झालं. मग दोर बांधले, तो खाली आला, वर जाऊन कुणी दोराला हात लावू नये म्हणून जिन्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पश्चिमेच्या बोळीत पाळण्यात बसला. कप्पीवरून त्यानं स्वतःच स्वतःला तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढून घेतलं. अंगात पट्टा, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा. टेम्पो बोळीत उभा. खालून मदिनाबीनं मशीन चालू केलं. चांदसाहेबानं उजवीकडच्या कोपऱ्यावर नेम धरला आणि गन दाबली.

पाण्याचा धक्का खांद्याला बसणार हे त्याला माहीत होतंच. पण काळी भिंत पांढरी होता होता त्याला वाटलं, की भिंतच उजवीकडं चाललीय. त्यानं डोळे बारीक केले. पहिल्या मजल्याची खिडकी मघा पायाखाली होती, ती आता उजव्या हाताला गेली होती. आणि वरून आवाज आला, खट्ट. थोड्या वेळानं पुन्हा खट्ट.

सव्वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला तो आवाज कुणी सांगावा लागत नाही. वर घुमटाखाली बेअरिंग होतं, आणि बेअरिंगला खटकी होती. एकाच दिशेला फिरू देणारी आणि उलटं येऊ न देणारी. त्यानं गन सोडली, पण तोपर्यंत तोफ कोपरा ओलांडून उत्तरेला आली होती आणि चांदसाहेब गोबरगॅसच्या उघड्या टाकीवर लटकत होता. त्यानं दुसऱ्या बाजूला पाणी मारून मागं जायचा प्रयत्न केला. तोफ जागची हलली नाही.

"मदिना," त्यानं हाक मारली. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता. "तोफ फिरतीया."

मदिनाबीनं वर बघितलं. मशीन बंद करून ती म्हणाली, "दिसलं मला. तुमी खाली बघू नका."

तोवर सुभेदार धावत आले. तोफ जागेवर नाही हे बघून ते मधेच थांबले आणि ताठ उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं साळूबाई पुढं सांगत, पण चांदसाहेबाला वरून फक्त टक्कल दिसलं. त्यानं वरूनच विचारलं, की हे काय प्रकरण आहे. तेव्हा कळलं, की घुमट एका भंगारातल्या ट्रकच्या चाकाच्या हबवर बसवला होता. सव्वीस जानेवारीला तोफ गावाभोवती एकदा फिरवून मानवंदना द्यायची सुभेदारांची कल्पना होती. वाऱ्यानं उलटी फिरू नये म्हणून खटकी घातली होती. पहिल्याच वर्षी निम्म्या फेरीत ती अडकली, ती अडकलीच.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी धरंल का म्हणून इचारलं," सुभेदार म्हणाले. "फिरंल का म्हणून न्हाई."

गच्चीवर माणूस गेला तर तोफ हातानं ढकलता येईल, हे एव्हाना सगळ्यांच्याच ध्यानात आलं, आणि जिन्याची किल्ली चांदसाहेबाच्या खिशात आहे हेही. त्यानं ती काढली, सुभेदारांना नीट झेलायला सांगितलं, आणि फेकली. सुभेदारांनी फौजेत क्रिकेट खेळल्यासारखा हात वर केला. किल्ली त्यांच्या बोटांना लागली आणि गोबरगॅसच्या टाकीत गेली. बुडताना आवाजही आला नाही.

कुलूप फौजेतलं, तुटणारं नव्हतं; सुभेदार किल्ली उपसायला शेणाचं दाताळं आणायला गेले. चांदसाहेबानं लटकता लटकता विचार केला. इथं उतरायचं म्हणजे शेणात. मागं जाता येत नाही. म्हणजे पुढंच जायचं; पूर्वेला तारा, दक्षिणेला पत्रे, आणि पूर्ण फेरी मारून पुन्हा पश्चिमेची बोळ. तिथं सुखानं उतरता येईल. पुढं सरकायला एकच साधन हातात होतं, पाण्याचा धक्का. आणि पाणी वाया घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मारायचंच आहे तर भिंतीवर मारावं. त्यानं मदिनाबीला मशीन चालू करायला आणि टेम्पो आपल्याबरोबर घ्यायला सांगितलं, नाहीतर पाइप ताणून तो पाळण्यातून ओढला गेला असता.

बोळ पुढून गोठ्यानं बंद झालेली, त्यामुळं मदिनाबीला टेम्पो रिव्हर्समध्ये काढावा लागला. साळूबाई मागं उभ्या राहून टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होत्या. एकीकडं आरशात बघायचं, दुसरीकडं वर नवऱ्याकडं, आणि दोघांच्या मधे गोबरगॅसची टाकी. पण मदिनाबीनं टाकीत चाकाखालचं मातीचं एक ढेकूळसुद्धा पडू दिलं नाही. वर चांदसाहेब उजव्या हाताला पाणी मारत डावीकडं सरकत होता. खट्ट, थांब. खट्ट, थांब. उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत लख्ख निघत गेली. तिसरा मजला धुऊन झाला की दोर सोडून दुसऱ्यावर यायचं, मग पहिल्यावर, मग पुन्हा वर. जिवावर बेतलेलं असतानाही त्याला एक चट्टा मागं सोडवेना.

पूर्वेला आल्यावर तो थबकला. खाली तारा होत्या. वीज बंद होती, पण एक वाजायला दहाच मिनिटं उरली होती. मदिनाबीनं इंद्रजितला गाठलं. इंद्रजित भला माणूस. तो स्वतः खांबाशी येऊन उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, की चाचा, तुम्ही पलीकडं जाईस्तोवर मी कुणाला बटणाला हात लावू देत नाही. पण त्यामुळं झालं असं, की भर दुपारी अख्ख्या गावाचे टीव्ही, पंखे आणि पिठाच्या गिरण्या बंद राहिल्या, आणि वीज का येत नाही ते बघायला निघालेलं गाव सुभेदारांच्या दारात येऊन थांबलं. वर एक माणूस तोफेला लटकून घराभोवती फिरतोय, खाली त्याची बायको पहिल्या गिअरमध्ये त्याच्या चालीनं टेम्पो चालवतीया, असं दृश्य बघितल्यावर परत कोण जाणार.

आधी लोक नुसते बघत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की तोफेचं तोंड आता समोरच्या दूध संकलन केंद्राकडं आहे. केंद्राचा चेअरमन मानसिंग पुढं झाला आणि त्यानं मदिनाबीला विनवलं, की बाकी कुठंही थांबवा, इथं नको, दुधाला दृष्ट लागते. तोफ एक खटका पुढं गेली तर ती अंगणवाडीवर आली. तिथल्या बाई बाहेर आल्या. मग पतसंस्था, मग देवळाचा पुजारी. ज्याच्यावर तोफ यायची तो माणूस गर्दीतून पुढं यायचा, आणि पुढं सरकली की निश्चिंत होऊन मागं जायचा. चांदसाहेबाला वरून नुसत्या टोप्या आणि पदर पुढं-मागं होताना दिसत होते. आपण कुणाकुणाला भीती घालतोय याचं त्याला वाईट वाटलं. भीती काय असते हे त्या गर्दीत त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

गर्दीच्या कडेला एक माणूस मात्र सारखा आनंदात होता. तो भाऊसो. तोफ त्याच्या खिडकीवरून हलल्यापासून त्यानं बायकोला खोलीत नेऊन खिडकी उघडून दाखवली होती, साळूबाईंना सात वर्षांनी वहिनी म्हणून हाक मारली होती आणि दोघाचौघांना चहा पाजला होता. चांदसाहेब आग्नेयेचा कोपरा वळून दक्षिणेकडं आला तेव्हा भाऊसोनं हसत हसतच मदिनाबीला विचारलं, की चाचा आता उतरणार कुठं.

मदिनाबीनं सांगितलं, की जिथनं चढले तिथंच. बोळीत.

भाऊसोचं हसू गेलं. तो वर बघत राहिला. वरून चांदसाहेबालाही ते कळलं. बोळीत उतरायचं म्हणजे तोफ पुन्हा त्या खिडकीवर नेऊन ठेवायची.

"चाचा," भाऊसो खालून म्हणाला, "हितंच उतरा की."

"हितं तुमचे पत्रे हायत, भाऊ. उतरलो तर माझे दोन भाग हुतील."

भाऊसोनं गोठ्याकडं बघितलं. सात वर्षांपूर्वी सुभेदारांच्या नाकावर टिच्चून मारलेला गोठा. मग त्यानं घरातून पहार आणली, गोठ्याच्या कुडावर चढला आणि पहिला पत्रा उचकटला. सुभेदार तेव्हा दाताळं घेऊन टाकीपाशी होते. आवाज ऐकून कोपऱ्यावर आले आणि बघतच राहिले. भाऊसो त्यांच्याकडं न बघता दुसऱ्या पत्र्याला लागला. तिसऱ्या पत्र्याशी खिळा निघेना, तेव्हा सुभेदारांनी दाताळं खाली ठेवलं आणि पत्र्याचं दुसरं टोक धरलं. मग गावातले चौघे पुढं झाले. अर्ध्या तासात गोठ्याचं छप्पर जमिनीवर आलं आणि दोन म्हशी उघड्यावर उभ्या राहून चांदसाहेबाकडं बघायला लागल्या.

सगळ्यांना वाटलं, आता उतरेल. पण चांदसाहेब उतरेना. पत्रे रचून ठेवलेत तिथं नकोत, लांब न्या, धार बाहेरच्या बाजूला नको. पत्रे नेले. पडलेले खिळे वेचा. खिळे वेचले. म्हशी बांधून दुसरीकडं न्या, पाण्याच्या आवाजानं बुजल्या तर लाथ मारतील. म्हशी नेल्या. मग तो म्हणाला, जमिनीवर शेण आहे, पाय घसरेल. इथं मात्र भाऊसो चिडला आणि म्हणाला की आता शेण चाटून काढू काय. चांदसाहेबानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं, गन खाली वळवली आणि वरूनच गोठ्याची फरशी धुऊन काढली, चारी कोपरे, गव्हाणीसकट. टेम्पोच्या टाकीतलं पाणी तेवढ्यात संपलं. मदिनाबीनं मशीन बंद केलं. सगळीकडं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत चांदसाहेब हळूहळू दोर सोडत खाली आला.

पाय टेकल्यावर त्याला जमीन फिरत असल्यासारखी वाटली. मदिनाबीनं त्याचं हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं, पट्ट्याचा हुक सोडला आणि कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात दखनीत काहीतरी म्हणाली. त्या दिवशी कामावर ती दखनीत बोलली ते एवढंच. मग तिनं त्याला गव्हाणीच्या कडेवर बसवून साखर जास्त घातलेला चहा पाजला. इंद्रजित वीज सोडायला गेला आणि गाव आपापल्या टीव्हीकडं परत गेलं.

किल्ली चारच्या सुमारास सापडली. सुभेदारांनी ती हात कोपरापर्यंत घालून काढली. वर जाऊन दोर सोडायचे होते, म्हणून चांदसाहेब निघाला, आणि भाऊसोही त्याच्या मागोमाग जिना चढला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. सुभेदार तिसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबले, मग तेही आले.

गच्चीवर चांदसाहेबानं घुमटाखालची फट दोघांना दाखवली. हब दिसत होता, खटकी दिसत होती, आणि फटीच्या एका बाजूला चुनखडीचा राहिलेला चिवट थर. भाऊसोनं त्यावर नख घासलं.

"म्हंजी ही अडकली हुती," तो म्हणाला. "तुमी मुद्दाम न्हवती लावली."

"मुद्दाम कशाला लावू रं," सुभेदार म्हणाले. "तुझ्यावर?"

"मग नऊ वर्षं सांगितलं का न्हाई, दादा? मी दिल्लीपतुर अर्ज केलं."

सुभेदार कठड्याशी गेले. कठड्यावर हात टेकणार तेवढ्यात चांदसाहेबानं त्यांना मागं ओढलं. मग ते टाकीला टेकून उभे राहिले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "सुभेदाराची तोफ जाम झाली, हे कुणाच्या तोंडानं सांगायचं?"

भाऊसोला यावर हसावं की रडावं ते कळेना. चांदसाहेबाला मात्र ते पुरतं कळलं. कारखान्यात त्यानं अशी माणसं बघितली होती, की मशीन बिघडलंय हे सांगायची लाज वाटून ती तशीच काम करत राहायची, आणि मग एखाद्या दिवशी बोट जायचं. तो दोर गुंडाळत बसला.

भाऊसो गच्चीवरून इकडंतिकडं बघत होता. या गच्चीवर तो नऊ वर्षांत आलेला नव्हता. पश्चिमेला वळला आणि तिथंच थांबला. समोर त्याचं स्वतःचं घर होतं. खालून रोज बघून डोळ्यांना सवय झालेली, पण इथून ते सगळं एका नजरेत येत होतं. खिडक्यांखाली काळे ओघळ, कौलांच्या कडेला हिरवं शेवाळ, एका कोपऱ्यात उगवलेलं पिंपळाचं रोप.

"आमचं घर असं दिसतं व्हय?" त्यानं विचारलं.

"नऊ वर्षं मी हेच बघतोय," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेम्पो पुन्हा बोळीत उभा होता. भाऊसोचं घर बसकं होतं, एकच मजला. दोर लागणार नव्हता, फक्त शिडी. चांदसाहेबानं शिडीचे पाय तपासले, भिंतीशी कोन बघितला, शिडीखाली रबर घातलं. सुभेदार फौजेतली शिट्टी गळ्यात घालून आले होते. त्यांनी बोळीच्या तोंडाला सुतळी बांधली आणि आत येणाऱ्याला, मग ते माणूस असो की म्हैस, शिट्टी वाजवून थांबवायला लागले. भाऊसोची बायको तिच्या खोलीची खिडकी आतून लावत होती, पाणी आत येऊ नये म्हणून. साळूबाई एका बाटलीतून काहीतरी घेऊन येताना दिसल्या, तसा चांदसाहेब शिडीवरूनच ओरडला की आधी काय आहे ते सांगा. ताक आहे म्हणाल्या.

मग मदिनाबीनं मशीनची दोरी ओढली.